मेलेल्या मुठीतली जमीन



कापूस आणि ज्वारीच्या रानात हयात घालवणाऱ्या माणसाला वसईच्या किल्ल्यातील पडक्या मठांशी काय घेणे, असे कोणी विचारले तर प्रश्न रास्त आहे. तिकडचा पाऊस आपल्या दुप्पट-तिप्पट. माती वेगळी, पीक भाताचे, जोडीला केळी, भाजीपाला आणि फुले. तरीही या अंकाचे अग्रलेखाचे पान वसईला दिले आहे, त्याला दोन कारणे आहेत. कोरडवाहूवर भागत नाही म्हणून गाव सोडलेली आपली पोरे आज जिथे भाड्याच्या खोलीत राहतात त्या ठिकाणांत नालासोपारा आहे, त्याच्या पूर्वेचे आचोळे आहे. हे एक. दुसरे कारण अधिक जवळचे. येत्या जिल्हा बैठकांत देवस्थान आणि इनाम जमिनींचा विषय घेतला आहे. जमीन देवाच्या, मठाच्या किंवा संघाच्या नावे लिहिली गेली की ती कसणाऱ्याचे पुढे काय होते, याचा एकोणीसशे वर्षांचा हिशेब सोपारा-वसईच्या आसपास दगडावर आणि कागदावर नोंदलेला आहे. बैठकीत भाषणे ठोकण्याआधी तो वाचून घेतलेला बरा.

कृषी महाविद्यालयात चार वर्षे आम्ही मातीचे थर, ओल धरण्याची ताकद, चुनखडीचे प्रमाण शिकलो. त्या मातीचा मालक कसा ठरतो यावर एक तासही झाला नाही. ते शिक्षण तलाठ्याच्या दारात उभे राहून झाले.

काखडीचे पडीक शेत

सुरुवात नाशिकच्या पांडवलेण्यांपासून करू. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचे लेख तिथे कोरलेले आहेत. सुमारे १९०० वर्षांपूर्वीची ही गोष्ट. उषवदाताने अश्विभूती नावाच्या ब्राह्मणाकडून ४,००० कार्षापण मोजून एक शेत विकत घेतले आणि त्याच्या उत्पन्नावर लेण्यातील भिक्षूंचे जेवण चालावे अशी सोय केली. राजाचा जावई असूनही त्याने शेत हिसकावले नाही, पैसे मोजून घेतले. आजच्या भूसंपादन अधिकाऱ्यांनी हा लेख एकदा पाहून यावा. त्याच उषवदाताच्या दानांत सोपाऱ्याचे, म्हणजे तेव्हाच्या शूर्पारकाचे नाव येते. तिथल्या रामतीर्थावरच्या साधूंसह काही संघांना त्याने नानंगोल गावातली ३२,००० नारळाची झाडे लावून दिली होती.

कापूस पिकवणाऱ्यांनी आणखी एक नोंद लक्षात ठेवावी. उषवदाताने ३,००० कार्षापण गोवर्धन गावच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवले. २,००० दरमहा शेकडा १ व्याजाने आणि १,००० दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल कधीच परत मागायचे नाही, फक्त व्याज खायचे. पहिल्या ठेवीचे वर्षाचे व्याज २४० होते आणि त्यात वीस भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापणांचे वस्त्र मिळे. विणकरांना बारा टक्क्यांनी कायमचे भांडवल मिळाले, भिक्षूंना कापड मिळाले. सूत कुठल्या रानातल्या बोंडांचे होते आणि त्याला भाव काय पडला, हे मात्र लेणे सांगत नाही.

पुढे राज्य बदलले. गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला आणि उषवदाताच्या ताब्यात असलेले पश्चिम काखडी गावचे २०० निवर्तने शेत लेण्यातील भिक्षूंना दिले. आज्ञेत सवलती लिहिल्या आहेत. त्या शेतात राजाच्या माणसांनी शिरायचे नाही, हात लावायचा नाही, मीठ खणायचे नाही, प्रांताच्या अधिकाऱ्याने कारभार सांगायचा नाही. साधूंच्या दृष्टीने उत्तम. पण राजाचा माणूसच जिथे शिरू शकत नाही तिथे कसणाऱ्याने गाऱ्हाणे कोणापुढे मांडायचे, याची सोय आज्ञेत नाही.

मग आली दुसरी आज्ञा, राज्याच्या २४ व्या वर्षातली, राजा आणि राजमाता या दोघांच्या नावची. तिचा आशय असा की, पूर्वी दिलेले काखडीचे शेत कसले जात नाही आणि ते गावही वसलेले नाही, म्हणून त्याच्या बदली नगराच्या सीमेवरच्या राजाच्या मालकीच्या शेतातली १०० निवर्तने भिक्षूंना द्यावीत. ओसाड पडलेल्या गावाबद्दलचा इतका जुना सरकारी कागद महाराष्ट्रात दुसरा माझ्या पाहण्यात नाही. दान घेणाऱ्याला बदली शेत मिळाले. काखडीची माणसे कुठे गेली, का गेली, दुष्काळाने गेली की लढाईने, याबद्दल एक अक्षर नाही. आपल्याकडे ज्या गावांत अर्ध्या घरांना कुलपे आहेत तिथल्या वाचकाला हे दोन हजार वर्षांपूर्वीचे वाटणार नाही.

या लेखांतून बैठकीसाठी उचलायचा मुद्दा वेगळाच आहे. अश्विभूतीचे शेत विकत घेऊन दिले, म्हणजे जमीनच दिली. कार्ल्याच्या लेण्यात भिक्षूंना करजिक गाव दिल्याचा लेख आहे. गाव दिले म्हणजे काय दिले? गावातल्या प्रत्येक कुणब्याचे शेत काही राजाच्या खिशात नव्हते. राजाचा होता तो वाटा, म्हणजे सारा. तो वाटा त्याने दुसऱ्याकडे वळवला. जमिनीचे दान आणि साऱ्याचे दान या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पुढच्या शेकडो वर्षांत जे घोटाळे झाले त्यांतले निम्मे तरी या दोहोंची गल्लत करून झाले.

वसईचे मठ

१५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि तिच्या आसपासचा मुलूख तहाने पोर्तुगीजांना दिला. पोर्तुगीजांनी गावे वाटली. दोन किंवा तीन पिढ्यांच्या कराराने गाव एखाद्या सरदाराला द्यायचे, त्याने सरकारला ठरलेला फोरो भरायचा, घोडा आणि हत्यारबंद माणसे बाळगायची आणि उरलेले खायचे. १५५४ मध्ये सिमाँव बोतेल्यु या अधिकाऱ्याने पोर्तुगीज मुलखाच्या उत्पन्नाची जी वही तयार केली तिच्यात वसईच्या गावांचे आकार नोंदले आहेत. भाताला त्यांनी 'बाते' म्हटले. शब्दसुद्धा आपल्याच खळ्यावरून उचललेला.

गावे मिळणाऱ्यांत ख्रिस्ती साधूंचे संघही होते. फ्रान्सिस्कन आले, जेझुइट आले, डोमिनिकन आणि ऑगस्टिनियन आले. किल्ल्यात त्यांच्या चर्चच्या आणि मठांच्या भिंती आजही उभ्या आहेत. शाळा, दवाखाने, अनाथांची व्यवस्था त्यांनी चालवली, हे खरे आहे आणि ते सांगितले पाहिजे. हे सर्व चालत होते ते गावांच्या उत्पन्नावर, हेही तितकेच खरे. बोरिवलीजवळच्या मंडपेश्वर लेण्यातील शंकराच्या देवळाचे फ्रान्सिस्कनांनी चर्च केले, वर टेकाडावर मठ आणि विद्यालय बांधले, आणि देवळाच्या जमिनीचे उत्पन्न त्या विद्यालयाला लावून घेतले. गंमत अशी की तिथून हाकेच्या अंतरावरच्या मागाठाण्यातले एक शेत कान्हेरीच्या बौद्ध संघाला दिल्याची नोंद कान्हेरीच्या लेखांत आहे. म्हणजे एकाच टापूत आधी संघ, मग महादेव, मग फ्रान्सिस्कन. वरचे नाव तीन वेळा बदलले. खाली चिखलणी करणारा तोच.

गोव्यात हेच जास्त ठोकून झाले. तिसवाडीतली देवळे १५४० मध्ये पाडली गेली, आणि १५४१ मध्ये गावकाऱ्यांकडून देवळांच्या जमिनींचे उत्पन्न चर्चकडे लिहून घेतले. या जमिनींना तिकडे नामोशी म्हणतात. देवळात वाजवणारा, झाडणारा, दिवा लावणारा अशा माणसांची पोटे त्यांवर होती. ती पोटे कोणत्याच वहीत आली नाहीत.

वसईच्या कुळांची अवस्था काय होती? १६९५ मध्ये जेमेल्ली कारेरी नावाचा इटालियन प्रवासी इथे येऊन गेला. तो स्वतः कॅथलिक, पाहुणचार घेतला तोही पाद्र्यांचा आणि जमीनदारांचा, त्यामुळे त्याने मुद्दाम वाईट लिहिले असे म्हणता येत नाही. त्याच्या सांगण्याप्रमाणे गावमालकाचे कूळ जमीन कसायला बांधलेले होते. त्रासून दुसऱ्या गावी पळाले तर मालक जबरदस्तीने परत आणी. त्याला ही गुलामीच वाटली. मठाच्या गावात आणि सरदाराच्या गावात कुळासाठी या बाबतीत फरक असल्याचे तो लिहीत नाही.

तरीही एक गोष्ट शेतीचा पदवीधर म्हणून नोंदवतो. मठाला घाई नसते. सरदाराला दोन पिढ्यांत गाव पिळून घ्यायचे असते, कारण करार संपतो. मठ मरत नाही, म्हणून तो विहीर बांधतो, झाड लावतो, वीस वर्षांनी येणाऱ्या फळाची वाट पाहू शकतो. अननस, पपई, पेरू, काजू, मिरची ही सारी अमेरिकेतली पिके पोर्तुगीजांच्या जहाजांतून या किनाऱ्यावर उतरली आणि इथल्या माळ्यांनी ती आपलीशी केली. बटाटा, तंबाखू, घमेले आणि पगार हे शब्दही त्याच जहाजांतून आले. त्यांतली मिरची आपल्याकडे कोरडवाहू रानापर्यंत पोचली. पगार अजून पोचायचा आहे.

१७३९ नंतर

अठराव्या शतकात कुळे, जुने वतनदार आणि देऊळ गमावलेली गावे यांचा संताप साठत गेला होता. भिवंडीजवळच्या अंजूरचे गंगाजी नाईक आणि त्यांचे भाऊ पेशव्यांकडे गेले. १७३७ मध्ये ठाणे आणि साष्टी मराठ्यांनी घेतली, आणि १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांनी वसई घेतली. हा पराक्रम शाळेच्या पुस्तकात असतो. पुस्तक किल्ल्याच्या दरवाजात थांबते. आपल्याला पुढे शेतापर्यंत जायचे आहे.

पोर्तुगीज सरदारांची आणि मठांची गावे सरकारजमा झाली. मठ सुटले, पाद्री गेले. साधी अपेक्षा अशी की आता ज्याच्या हातात नांगर त्याच्या नावे शेत व्हावे. तसे झाले नाही. वसईवर सुभेदार म्हणून शंकराजी केशव आले, कमाविसदार आले, पाहणी झाली, आकार बसला. मोहिमेत मदत केलेल्यांना इनामे मिळाली. नवसाला पावलेल्या वज्रेश्वरीच्या देवळाला पेशव्यांनी गावे लावून दिली. पुन्हा गाव, पुन्हा दान, आणि दानपत्रात कुळाचे नाव पुन्हा नाही. मराठ्यांनी ख्रिस्ती रयतेला हाकलले नाही, गावातल्या चर्चमध्ये प्रार्थना चालू राहिल्या. त्याबद्दल त्यांना मान दिला पाहिजे. पण रयत ख्रिस्ती असो की हिंदू, तिचा धनी बदलला, हक्क बदलला नाही. मुंबई बेटावर इंग्रजांनी याच्या आधीच, १६९० नंतर, जेझुइटांच्या जमिनी जप्त केल्या होत्या. त्या जमिनीही आगरी-कोळ्यांना वाटल्याचे ऐकिवात नाही. १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाणे आणि साष्टी घेतली, १८०२ मध्ये दुसऱ्या बाजीरावाने वसईच्याच तहावर सही केली, आणि १८१८ पर्यंत सारा मुलूख कंपनीच्या खात्यावर गेला.

इंग्लंडातला लिलाव

हे आपल्याच मुलखात झाले असे समजू नये. इंग्लंडात मठ कसे मोडले आणि त्यांच्या जमिनी कोणाला गेल्या याचे दप्तर फार चांगले राखलेले आहे, म्हणून जरा तिकडे जाऊन येऊ.

यॉर्कशायर परगण्यात फाउंटन्स नावाचा मठ ११३२ मध्ये स्थापन झाला. सिस्टर्शियन पंथाचे हे साधू श्रम करणारे, ओसाड जागा पसंत करणारे. जिथे जागा ओसाड नव्हती तिथे या पंथाने काही गावे उठवून ती ओसाड केली आणि मेंढ्यांचे मोठे वाडे उभारले, असेही दाखले आहेत. लोकर विकून मठ श्रीमंत झाला. इटालियन व्यापारी पुढच्या कित्येक वर्षांची लोकर आधीच पैसे देऊन बांधून घेत. मग मेंढ्यांत खरजेची साथ आली, ठरलेली लोकर निघेना, आणि तेराव्या शतकाच्या अखेरीस फाउंटन्ससारखा मठ कर्जात बुडाला. झाडावर बोंड यायच्या आत कापूस बांधून घेणारा व्यापारी आपल्या ओळखीचा आहे. त्याने इतक्या मोठ्या मठाला गुंडाळले, तर पाच एकरवाल्याचे काय घेऊन बसलात!

इंग्लंडच्या राजाला वेगळीच चिंता होती. माणूस मरतो, वारस लागतो, वारसाकडून नजराणा मिळतो, कधी जमीन विकली जाते. मठ कधी मरत नाही. एकदा त्याच्याकडे गेलेली जमीन परत बाजारात येत नाही. इंग्रज कायदेपंडितांनी याला 'मेलेला हात' असे नाव दिले, कारण मेलेल्याची मूठ उघडत नाही. १२७९ मध्ये पहिल्या एडवर्डने कायदा करून मठांना अशी जमीन देण्याची बंदी केली. पोर्तुगीज राजांनीही अशा मनाया वेळोवेळी काढल्या. दोन्हीकडे पळवाटा निघाल्या.

शेवटी आठव्या हेन्रीने १५३६ ते १५४० या चार वर्षांत इंग्लंडातले सगळे मठ मोडले. १५३६ मध्ये उत्तरेतल्या रयतेने याविरुद्ध मोठा उठाव केला. त्यांच्या मागण्यांत मठ परत उभे करा ही मागणी होती, आणि तिच्या बरोबरीने आणखी एक होती: कुळाचा वारस लागताना घ्यायचा नजराणा दोन वर्षांच्या खंडापेक्षा जास्त असू नये. मागण्या मान्य करतो असे सांगून लोकांना घरी पाठवले आणि पुढच्या वर्षी पुढाऱ्यांना फासावर चढवले. वाटाघाटीची ही पद्धत आपल्यालाही नवीन नाही.

फाउंटन्स १५३९ मध्ये राजाच्या स्वाधीन झाला. १५४० मध्ये तो आणि त्याची जमीन लंडनचा व्यापारी सर रिचर्ड ग्रेशम याने विकत घेतली. इमारतीचे शिसे आणि दगडसुद्धा विकले गेले. राजाला लढायांसाठी रोकड हवी होती, रोकड व्यापाऱ्याकडे आणि दरबाऱ्याकडे होती, म्हणून जमीन त्यांच्याकडे गेली. कूळ जिथे होते तिथेच राहिले. नवा मालक हिशेबाचा पक्का. खंड वाढले, कित्येक ठिकाणी कुंपणे पडली.

चर्चला पिकाचा दहावा हिस्सा देण्याची जी रीत होती, तीही मठाबरोबर संपली नाही. दशांश गोळा करण्याचा मठाचा हक्क जमिनीसारखाच विकला गेला. ज्याने घेतला तो खासगी माणूस दशांश वसूल करू लागला. प्रार्थना बंद, वसुली चालू! १८३६ मध्ये दशांशाचे रोख रकमेत रूपांतर झाले आणि ती रक्कम गहू, बार्ली आणि ओटच्या बाजारभावाला बांधली. पहिल्या महायुद्धानंतर शेतमालाचे भाव कोसळले, तेव्हा केंट-सफोकच्या शेतकऱ्यांनी दशांश देणे नाकारले, जप्तीचे लिलाव बंद पाडले. १९३६ मध्ये कायदा करून दशांश रद्द झाला, त्याच्या भरपाईचे हप्ते शेतकरी पुढे १९७७ पर्यंत भरत होते. मठ मोडल्याला तोवर चारशे वर्षे उलटून गेली होती.

आपला सातबारा

आता घरी येऊ. मुंबई कूळकायदा १९४८ चा. १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनी कूळ मालक झाले, असे आपण अभिमानाने सांगतो. त्याच कायद्यातल्या कलम ८८ ब प्रमाणे धार्मिक आणि धर्मादाय संस्थांच्या जमिनी मालकी हक्काच्या तरतुदींतून वगळता येतात. विदर्भासाठी १९५८ चा वेगळा कायदा झाला, त्यात कलम १२९ आहे आणि त्याचाही अर्थ तोच. मराठवाड्यात १९५४ मध्ये इनामे रद्द झाली, देवस्थानच्या सेवेची इनामे शिल्लक राहिली. पाटलाचे वतन गेले, कुलकर्ण्याचे गेले, जहागिरी गेल्या. देवाचे इनाम, म्हणजे दप्तराच्या भाषेत वर्ग तीन, तेवढे राहिले.

न्यायालयाच्या दृष्टीने देव ही कायदेशीर व्यक्ती आहे, पण कायमची अज्ञान. अज्ञान मालकाच्या कुळाने मालक सज्ञान होईपर्यंत थांबावे असे कूळकायदा सांगतो. विठोबा अठ्ठावीस युगे उभा आहे आणि अजून अठरा वर्षांचा झालेला नाही! २०२१ मध्ये मध्य प्रदेशच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की जमिनीचा मालक देव आहे, पुजारी हा फक्त व्यवस्था पाहणारा आहे आणि मालकाच्या रकान्यात त्याचे नाव लागू शकत नाही. निकाल योग्यच आहे. देवाच्या जमिनी आपल्या नावे चढवून विकणाऱ्या पुजाऱ्यांना आणि विश्वस्तांना त्याने चाप बसावा. पण हा निकाल पुजाऱ्याबद्दल आहे. तीन-चार पिढ्या रान कसणाऱ्या कुळाचा प्रश्न त्याने सुटत नाही.

या कुळाची अडचण आपण रोज पाहतो. सातबारावर भोगवटादार देव. पीक कर्जाला बँक नाही म्हणते, कारण तारण ठेवायला हक्क नाही. प्रधानमंत्री किसानचा हप्ता २०१९ पासून सुरू झाला, तो जमीनधारकाला. कापूस घेऊन सीसीआयच्या केंद्रावर गेले की सातबारा मागतात. गारपिटीची मदत आली की विश्वस्त आणि कूळ यांच्यात तंटा. रस्त्यात जमीन गेली की मोबदला संस्थेच्या खात्यावर. दहा वर्षांहून जास्त मुदतीने शेतजमीन पट्ट्याने द्यायची तर विश्वस्तांना धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते, म्हणून बऱ्याच ठिकाणी दर वर्षी खंडाचा लिलाव होतो. एका वर्षाच्या बोलीवर जमीन घेणारा बांधबंदिस्ती करील का? शेणखताचा गुण दोन-तीन हंगाम राहतो. दुसऱ्या हंगामात शेत कोणाचे हेच माहीत नसताना गाडीभर खत कोण टाकणार? देवाच्या जमिनी शेजारच्या रानापेक्षा हलक्या का दिसतात याचे कारण मातीपरीक्षणात सापडणार नाही, लिलावाच्या वहीत सापडेल.

आज चहूकडून बोलले जाते की देवस्थान इनामे रद्द करा, नजराणा भरून वर्ग एक करा. ऐकायला गोड आहे. आमच्यातले काही कार्यकर्ते यासाठी मोर्चा काढायला निघाले आहेत. त्यांना फाउंटन्स आणि वसई आठवून एवढेच विचारायचे आहे की आधी नाव कोणाचे लागणार? बाजारभावाच्या हिशेबाने नजराणा ठरला तर तो भरण्याची ऐपत कोणाची? शहरालगतच्या जमिनीचा नजराणा ज्वारीवर जगणारे कूळ भरू शकत नाही. ते दुसऱ्याकडून उसने घेईल, आणि उसने देणारा आधी साठेखत करून घेईल. मठ मोडला की जमीन आपोआप कसणाऱ्याकडे जात नाही. ज्याच्याजवळ कागद आणि रोकड, त्याच्याकडे जाते. १५४० मध्ये तसे झाले, १७३९ मध्ये तसेच झाले.

कागदाची ही ताकद पाहायची असेल तर आचोळ्याला जावे. तिथे सांडपाणी प्रक्रिया आणि कचऱ्यासाठी आरक्षित असलेल्या जमिनीवर ४१ इमारती बांधून विकल्या गेल्या होत्या. उच्च न्यायालयाच्या आदेशाने त्या २०२४ च्या नोव्हेंबरपासून २०२५ च्या फेब्रुवारीपर्यंत पाडण्यात आल्या. ज्यांनी पैसे मोजले होते, वीजबिले भरली होती, पोरांची नावे तिथल्या शाळेत घातली होती, ती कुटुंबे रस्त्यावर आली. राहत होते ते खरे, पण जमिनीच्या कागदात ते कुठेच नव्हते.

वसईचे एक वेगळे चित्रही सांगितले पाहिजे, नाहीतर हिशेब एकतर्फी होईल. १९८८ मध्ये सरकारने वसईचा हरित पट्टा बांधकामाला मोकळा केला, तेव्हा शेतजमीन आणि विहिरी वाचवण्यासाठी हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. तिचे नेतृत्व फादर फ्रान्सिस दिब्रिटो या धर्मगुरूंनी केले. ज्या मातीत मठांनी कुळांचा फोरो खाल्ला, त्याच मातीत साडेतीनशे-चारशे वर्षांनी एक पाद्री हिंदू आणि ख्रिस्ती बागाईतदारांना घेऊन जमिनीसाठी रस्त्यावर उतरला, धमक्यांना पुरून उरला. २०२४ मध्ये ते वारले. आपला वाद कोणत्याही धर्माशी नाही. देवाच्या दिव्याला तेल मिळाले पाहिजे, शाळा-दवाखाने चालले पाहिजेत, त्यासाठी कुळाने ठरलेला वाजवी खंड द्यावा. पण त्या बदल्यात कुळाचा हक्क वारसाला जाणारा, बँकेत तारण ठेवता येणारा आणि सातबारावर लिहिलेला असावा. आधी हे, मग इनाम रद्द करण्याची भाषा. उलट क्रमाने काढलेल्या कोणत्याही योजनेला जिल्हा बैठकीने पाठिंबा देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

यासाठी पहिले काम सनद वाचण्याचे. अश्विभूतीचे शेत आणि करजिक गाव यांतला फरक इथे उपयोगी पडतो. तुमच्या देवस्थानाला जमीन दिली होती की नुसता सारा? सनदेत फक्त साऱ्याचे दान असेल, तर जमिनीवरचा तुमच्या पूर्वजांचा कब्जा दानाच्याही आधीचा असू शकतो, आणि मग सगळा दावा वेगळ्या पायावर उभा राहतो. जुने मोडी कागद वाचणारा माणूस प्रत्येक जिल्ह्यात आहे, बैठकीच्या आधी त्याला गाठावे. मराठवाड्यातल्यांनी मुंतखबाची नक्कल काढावी. तलाठ्याकडे गाव नमुना तीन मागावा, त्यात इनाम जमिनींची नोंद असते, आणि सात-अ मागावा, त्यात कुळवहिवाट असते. धर्मादाय कार्यालयात संस्थेच्या नोंदवहीचा उतारा मिळतो. संस्थेने तिथे कोणत्या गटाची किती जमीन दाखवली आहे आणि खंडाचे उत्पन्न किती लावले आहे, ते तुम्ही प्रत्यक्ष देता त्या रकमेशी ताडून पाहावे. काही ठिकाणी हा आकडा पाहून डोळे उघडतील. तालुका प्रमुखांनी आपल्या तालुक्यातील देवस्थान, मठ, दर्गा, चर्च आणि इतर संस्थांच्या जमिनी कसणाऱ्यांची गाववार यादी करावी, त्यात कब्जा किती पिढ्यांचा, खंडाची पावती मिळते की नाही, आणि पीक पाहणीत नाव कोणाचे लागते हे तीन रकाने ठेवावेत.

बैठकीला येताना खंडाच्या जितक्या जुन्या पावत्या घरात असतील तितक्या शोधून आणाव्यात, विधवा बहिणींनी नवऱ्याच्या आणि सासऱ्याच्या नावच्याही आणाव्यात. नकला पुरेत. मूळ कागद कोणाच्या हाती देऊ नका, आमच्याही नाही.